व्हिएतनाममध्ये दीर्घ मुक्काम केल्यावर मनात नेमके काय उरते?

पायवाट
नोकरीच्या निमित्ताने व्हिएतनाममध्ये वर्षाहून अधिक काळ राहून मी नुकतीच परतले आहे. सुरुवातीचे महिने हनोईत, मग दा नांगला आणि शेवटी हो चि मिन्ह शहरात, असा मुक्काम झाला. भेटणारा प्रत्येक जण ‘देश कसा वाटला?’ असे विचारतो आणि ‘हा लाँग’चा उपसागर, होई आनचे कंदील, कू चीची भुयारे यांची वर्णने ऐकायला सरसावून बसतो. ही ठिकाणे मी पाहिली आणि ती सुंदरही आहेत. परंतु त्यांच्याबद्दल बोलताना आपण एखादे माहितीपत्रक वाचून दाखवत आहोत, असे मला वाटू लागते.

मनात घट्ट बसले आहे ते वेगळेच. हनोईच्या जुन्या वस्तीतील घरे रुंदीला जेमतेम तीन-चार मीटर असतात आणि आत मात्र लांबच लांब जातात. तळमजल्यावरची पुढची खोली दिवसा दुकान असते. संध्याकाळी त्याच फरशीवर चटई अंथरून घरची मंडळी जेवायला बसतात आणि रात्री तिथेच स्कूटर आत ओढून घेऊन लोखंडी शटर खाली खेचले जाते. दाराशी, अगदी जमिनीलगत, लाल रंगाचा छोटा देव्हारा असतो आणि त्यात गोल पोटाचा, हसरा भूमिदेव बसलेला असतो. शेवटच्या मुक्कामातील माझी घरमालकीण रोज सकाळी त्याच्यापुढे काळ्या कॉफीची इवलीशी पेली ठेवत असे आणि अधूनमधून एक सिगारेट पेटवून ती उदबत्त्यांच्या शेजारी राखेत उभी खोचत असे. हे सगळे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसते आणि त्याचा कुणाला संकोच वाटत नाही.

जाताना माझ्या डोक्यात युद्ध होते, कारण आमच्या पिढीने या देशाचे नाव पहिल्यांदा ऐकले तेच युद्धाच्या संदर्भात. तिथे मात्र या विषयावर माझ्याशी आपण होऊन कुणीही बोलले नाही. त्यामुळे माझे असे मत झाले आहे, की युद्ध ही बाहेरच्यांनी त्या देशाला चिकटवलेली ओळख आहे आणि खुद्द तिथल्या लोकांनी ती केव्हाच मागे टाकली आहे. जे सदस्य तिथे दीर्घकाळ राहिले आहेत, त्यांच्या मनात काय उरले आहे? आणि आपल्या मनात जे उरते, त्याला ‘तो देश’ म्हणण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

टिपकागद
माझ्या मनात हनोईतील रस्ता ओलांडणे उरले आहे. थांबायचे नाही, पळायचे नाही, मागे फिरायचे तर मुळीच नाही. एकाच संथ गतीने चालत राहायचे आणि हजारभर स्कूटरवाल्यांवर विश्वास ठेवायचा. पहिल्या खेपेस मी पलीकडे पोहोचलो तेव्हा एका आजीबाईंनी माझा हात धरलेला होता. त्या मला सोडायला आल्या होत्या, की मी त्यांना, हे अजून स्पष्ट झालेले नाही.

जुनी_छावणी
पायवाटताई, आपले वर्णन आवडले, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. ज्या पुढच्या खोलीबद्दल आपण लिहिले आहे, तिथेच मान थोडी वर करून भिंत पाहायला हवी. लक्षावधी घरांत त्या भिंतीवर लाल-सोनेरी रंगाचे एक सरकारी मानपत्र चौकटीत लावलेले असते. घरातील कुणी विजयी, म्हणजे कम्युनिस्ट, बाजूने लढताना मारला गेला असेल, तर देश त्याचे ऋण मानतो, असे त्यावर लिहिलेले असते. त्याच्याखाली किंवा शेजारी विशीतील एका मुलाचे कृष्णधवल छायाचित्र असते आणि त्याच्यापुढे आजही रोज उदबत्ती लागते.

मी काही काळ क्वांग त्री भागात कामासाठी राहिलो आहे. सतराव्या अक्षवृत्तालगत, बेन हाई नदीपाशी १९५४ नंतर देशाची उत्तर आणि दक्षिण अशी विभागणी झाली होती, त्यामुळे सर्वाधिक बॉम्बगोळे ज्या भागांवर पडले त्यांत हा भाग येतो. तिथल्या त्रुओंग सोन दफनभूमीत १०,००० हून अधिक थडगी आहेत आणि अशा हुतात्मा दफनभूमी देशभर जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आढळतात. अनेक थडग्यांवर नाव नाही, फक्त ‘नाव अज्ञात’ एवढेच कोरलेले आहे. न फुटलेले बॉम्ब आजही शेतात सापडतात. ते शोधून निकामी करण्याचा ‘रिन्यू’ नावाचा प्रकल्प दोंग हा शहरातून २००१ पासून चालू आहे आणि त्यांच्या केंद्रात शाळकरी मुलांना गंजलेल्या गोळ्याचे आकार ओळखायला शिकवतात. ज्या मुलाला खेळताना कुठल्या धातूला हात लावू नये हे शिकावे लागते, त्याच्या दृष्टीने युद्ध मागे पडले आहे असे कसे म्हणता येईल?

आता दुसरी बाजू. दक्षिणेच्या पराभूत सैन्यात जे मेले, त्यांच्या घरी मानपत्र नाही. बिएन होआ येथील त्यांची मोठी दफनभूमी २००६ पर्यंत लष्कराच्या ताब्यात होती आणि तिथे नातेवाइकांनाही सहजासहजी जाता येत नसे. मध्य भागातील कित्येक कुटुंबांत एक भाऊ या सैन्यात आणि दुसरा त्या सैन्यात होता. आपल्याशी कुणी बोलले नाही याचा अर्थ विषय संपला आहे असा होत नाही. तो पाहुण्यासमोर काढण्याचा विषय नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पायवाट
जुनी_छावणी, मानपत्राचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हनोईतल्या घरी तसे एक होते. मात्र त्याच्यासमोर बसून त्या घरातील तरुण मुलगी अमेरिकेतील विद्यापीठांचे प्रवेश अर्ज भरत होती आणि तिच्या आईला त्यात विसंगती वाटत नव्हती. मला जे म्हणायचे आहे ते या सहजतेविषयी आहे.

जुनी_छावणी
त्या सहजतेलाही कारणे आहेत. निम्म्याहून बरीच अधिक लोकसंख्या १९७५ नंतर जन्मलेली आहे. शिवाय तिथल्या इतिहासाच्या हिशेबात अमेरिकेशी झालेले युद्ध हा तुलनेने छोटा अध्याय आहे. इ. स. पूर्व १११ पासून इ. स. ९३८ पर्यंत, मधले काही उठाव वगळता, चीनची सत्ता होती आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये चिनी सैन्य पुन्हा उत्तर सीमेवरून आत आले होते. तेव्हा मनातली धास्ती कुणाबद्दल आहे, हे हनोईत थोडा काळ राहिल्यावर कळतेच. अमेरिकेने १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवली, १९९५ मध्ये राजनैतिक संबंध सुरू झाले आणि लोक कामाला लागले. याला क्षमाशीलता म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते.

मावळतीचे_ऊन
चर्चा उत्तम चालली आहे. एक शंका विचारतो. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, आणि तिथल्या एका महिला मंत्र्यांनी रायगडाची माती कपाळी लावली, असा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे येतो. आपल्यापैकी तिथे राहिलेल्या कुणी याविषयी स्थानिकांकडून काही ऐकले आहे काय?

हेमाडपंती
त्या मजकुरात मूळ दस्तऐवजाचा उल्लेख कधीच नसतो. असते ते फक्त ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’. महाराजांची थोरवी त्याच्यावाचून अडलेली नाही आणि व्हिएतनामी लोकांकडे स्वतःची उदाहरणे भरपूर आहेत. हाय फाँग शहराजवळ बाख दांग नदी आहे. तिच्या तळात लोखंडी टोकांचे लाकडी खुंट ठोकून, भरतीच्या वेळी शत्रूची जहाजे आत ओढायची आणि ओहोटी लागली की ती खुंटांवर अडकली म्हणजे हल्ला करायचा, ही युक्ती न्गो क्वेन याने ९३८ मध्ये दक्षिण हान राज्याच्या आरमाराविरुद्ध वापरली आणि १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ याने तीच मंगोलांविरुद्ध वापरली. असे खुंट नदीकाठच्या चिखलात सापडले आहेत आणि संग्रहालयांत ठेवले आहेत. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंचांचा पराभव करणारे सेनापती वो न्गुयेन ज्याप हे आधी इतिहासाचे शिक्षक होते, हेही लक्षात घ्यावे.

दुपारची_झोप
धाग्याच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर माझ्या नावातच आहे. मी हो चि मिन्ह शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षे काम केले. दुपारचे जेवण झाले, की कार्यालयातील दिवे मालवले जातात, टेबलाखालून घडीच्या खाटा आणि उशा बाहेर निघतात आणि पन्नास-साठ माणसे तासभर निवांत झोपतात. पहिल्या दिवशी मी एकटाच अंधारात संगणकाचा उजेड पाडत बसलो होतो. शेजारच्या सहकाऱ्याने अतिशय नम्रपणे माझा पडदा बंद केला. पुढच्या आठवड्यात माझ्याकडेही खाट होती.

यावरून ती माणसे आळशी आहेत असा ग्रह कुणी करून घेऊ नये. त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू झालेला असतो. हनोईच्या होआन किएम तळ्याभोवती त्या वेळी आजी-आजोबांचे नाच, कवायती आणि बॅडमिंटन सगळे एकाच वेळी चाललेले असते. सहाला रस्त्याकडेच्या छोट्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर वाफाळत्या नूडल्सची न्याहारी होते आणि साडेसातला मुले शाळेत पोहोचलेली असतात.

नियमांविषयीही एक निरीक्षण आहे. १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि बहुतेक सगळा देश जवळजवळ एका दिवसात हेल्मेट घालू लागला. जानेवारी २०२० पासून तर मद्याचा अंश रक्तात थोडाही आढळला तरी दंड होतो. त्यानंतर आमच्या कार्यालयातील पार्टीहून सगळे जण भाड्याच्या वाहनाने घरी जाऊ लागले. म्हणून ‘तिथे सगळा गोंधळ आहे, पण गोड आहे’ अशा छापाची प्रवासवर्णने वाचली, की मला ती अर्धवट वाटतात. जिथे राज्ययंत्रणेने मनावर घेतले आहे, तिथे गोंधळ नाही.

शाकाहारी_पाहुणा
मी पुढील वर्षी तीन महिन्यांसाठी जाणार आहे. सगळ्या पदार्थांत माशांपासून केलेले ते पाणी असते असे ऐकतो. उपाशी राहण्याची तयारी ठेवावी काय?

टिपकागद
अजिबात नको. भात, फळे आणि निर्धार यांवर माणूस तीन महिने सहज काढतो.

कावेरी
टिपकागद यांच्याकडे दुर्लक्ष करावे. नुओक माम म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला अर्क. तो खरोखरच बहुतेक स्वयंपाकात असतो, भाजीतसुद्धा, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. परंतु ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, अशी पाटी असलेले भोजनगृह शोधावे. तिथे महायान बौद्ध परंपरेतील शाकाहार पाळला जातो, मासे आणि त्यांचा अर्क दोन्ही वर्ज्य असतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक कुटुंबे शाकाहार करतात. त्या दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या टपऱ्यांवरही ‘चाय’ची पाटी झळकते. आपण अमावास्या-पौर्णिमा मानणारे असाल, तर दिनदर्शिका तिथेही उपयोगी पडेल.

ह्वे शहर यासाठी विशेष चांगले आहे. ते राजधानीचे शहर होते आणि विहारांचेही आहे. भिक्षू थिक न्यात हान्ह यांनी तिथल्याच तू हिएउ विहारात दीक्षा घेतली होती. अनेक दशके परदेशात काढल्यावर २०१८ मध्ये ते तिथेच परतले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. 

मूळ विषयाकडे येते. माझ्या मनात उरलेली गोष्ट ह्वेचीच आहे. सुगंधी नदीच्या काठावर थिएन मू विहार आहे. मागच्या अंगणात एका उघड्या पडवीत फिकट निळ्या रंगाची जुनी ऑस्टिन मोटार उभी आहे. ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहराच्या, एका चौकात भिक्षू थिक क्वांग दुक याच मोटारीतून उतरले आणि बौद्धांवरील दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी आत्मदहन केले. ती मोटार चकचकीत पुसून ठेवलेली नाही, गंज दिसतो, टायर बसले आहेत. तिच्या शेजारून शिकाऊ मुले, डोक्यावर पुढे एक शेंडी ठेवलेली, झाडू घेऊन पाने लोटत असतात. मी ह्वेला राहत असताना तिथे वारंवार जात असे आणि पर्यटकांचा घोळका मोटारीचे छायाचित्र काढून साधारण एका मिनिटात पुढे सरकतो, हे पाहत असे.

हेमाडपंती
आता मी थोडा विषयाला धरून, पण वेगळ्या दिशेने लिहितो. भारतीय प्रवासी व्हिएतनामला गेला, की ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी जातोच आणि परत येऊन ‘तिथे आपली मंदिरे आहेत’ असे सांगतो. यातील ‘आपली’ या शब्दावर माझा आक्षेप आहे.

‘मी सोन’ हे चंपा राज्याचे, म्हणजे चाम लोकांच्या जुन्या राज्याचे, तीर्थक्षेत्र होते. चौथ्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यान तिथे विटांची देवळे बांधली गेली. पहिले देऊळ भद्रवर्मन राजाने भद्रेश्वर शिवाचे बांधले. विटांच्या सांध्यांत चुना दिसत नाही आणि कोरीवकाम विटा रचून झाल्यावर भिंतीवरच केलेले आहे, त्यामुळे एकेक आकृती सांध्यांवरून अखंड जाते. ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकी बॉम्बफेकीत ‘अ’ गटातील मुख्य मंदिर कोसळले. नंतर काझिमिएझ क्विआत्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने ऐंशीच्या दशकात हालअपेष्टा सोसून तिथे जतनाचे काम केले. होई आनमध्ये त्याचे स्मारक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ ते २०२२ या काळात काही गटांची डागडुजी केली आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग मिळाले. त्या वेळी ही बातमी आपल्याकडे फार गाजली.

पण चाम लोक हे संपून गेलेले लोक नाहीत. विजया ही त्यांची राजधानी १४७१ मध्ये व्हिएतनामींनी जिंकली, उरलेसुरले राज्य १८३२ मध्ये खालसा झाले. परंतु फान रांगच्या परिसरात आजही चाम गावे आहेत. त्यांतील काही बालामोन, म्हणजे ब्राह्मणी परंपरेचे आणि काही बानी, म्हणजे स्थानिक वळणाच्या इस्लामी परंपरेचे आहेत. शरद ऋतूत काते सणाला पो क्लाँग गराई मनोऱ्यावर देवाला वस्त्रे नेसवली जातात, गोल ढोल आणि सनईसारखे वाद्य वाजते, आणि पुजारी पांढऱ्या वस्त्रांत असतात. मी ते पाहिले आहे. तिथे शिव आहे, पण तो त्यांचा पूर्वज-राजाही आहे, आणि आपला मंत्र म्हणायला तिथे कुणी थांबलेले नाही. मी सोनमध्ये हळहळून परतणाऱ्या किती जणांना फान रांगला जाऊन जिवंत चाम माणसाशी दोन शब्द बोलावेसे वाटतात?

कावेरी
हेमाडपंती, मुद्दा पटला. मात्र ‘आपले’ म्हणण्यात दर वेळी मालकी नसते, कधी कधी नुसता जिव्हाळाही असतो. हो चि मिन्ह शहरात त्रुओंग दिन्ह रस्त्यावर तमिळ व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले मारियम्मनचे देऊळ आहे. आज तिथे येणारे बहुसंख्य भाविक व्हिएतनामी आहेत. ते उदबत्त्यांचा जुडगा दोन्ही हातांत धरून मान लववतात, गाभाऱ्याच्या भिंतीला कपाळ टेकवून देवीशी कुजबुजतात. त्यांनाही ती देवी ‘आपली’ वाटते. तिथे कुणी कुणाला हटकत नाही.

हेमाडपंती
हे उदाहरण मान्य आहे, आणि ते माझ्या बाजूचे आहे असे मी समजतो.

रेल्वेवेडा
सर्वांनी फारच गंभीर लिहिले आहे, म्हणून रुळांवर येतो. हनोई ते हो चि मिन्ह शहर हा लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा, मीटर गेज आणि बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. फ्रेंचांनी तो १९३६ मध्ये पूर्ण केला. पुढे युद्धांत तो जागोजागी तुटला आणि देश एक झाल्यावर तो जोडून ३१ डिसेंबर १९७६ रोजी गाडी पुन्हा धावली. आजही तीस तासांहून अधिक वेळ लागतो आणि विमान दोन तासांत नेते. तरीही गाडी भरलेली असते.

ह्वे आणि दा नांग यांच्यामधला हाई वान घाट दिवसा पाहावा. गाडी समुद्रालगतच्या कड्यावरून इतक्या सावकाश वळते, की खिडकीतून स्वतःचेच इंजिन दिसते. पण माझ्या मनात उरले आहेत ते फाटकवाले. हनोईच्या आत रूळ घरांच्या इतक्या जवळून जातात, की गाडी येण्याआधी कपड्यांची दांडी, स्टूल, कोंबडीचा झाप आणि झोपलेला कुत्रा, सगळे आत घ्यावे लागते. फाटकावर निळ्या गणवेशातील बाई शिट्टी फुंकत, हाताने लोटायचे लोखंडी फाटक ओढत येते, आणि शेवटची स्कूटर अंग चोरून निसटतेच. ही पुढच्या खोलीची गोष्ट पायवाटताईंना पटेल.

कडू_कॉफी
मला या धाग्यात एका गोष्टीची उणीव जाणवते. पायवाटताईंनी उघड्या दाराचे वर्णन केले आहे आणि त्यात संकोच नसल्याचे म्हटले आहे. तळमजला उघडा असतो, हे खरे. पण त्या उघड्या दारात बसून काय बोलले जात नाही, याकडेही दीर्घ मुक्काम केलेल्याने लक्ष द्यायला हवे. देशात एकच पक्ष आहे. खासगी मालकीचे वृत्तपत्र नाही. जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षा कायद्याने समाजमाध्यमांवरील लिखाणावरही पकड बसली आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक शिधापत्रिकांच्या काळाविषयी, म्हणजे १९८६ मध्ये ‘दोई मोई’ सुधारणा होण्यापूर्वीच्या टंचाईविषयी, तासन्‌तास रंगून बोलत. सायकलच्या टायरसाठी लागणाऱ्या परवान्यापासून भातात मिसळलेल्या ज्वारीपर्यंत सगळे सांगत. आजच्या एखाद्या निर्णयाविषयी विचारले, की ते कॉफीच्या गाळणीकडे पाहू लागत. ती गाळणी पत्र्याची असते, पेल्यावर ठेवतात, आणि तिच्यातून थेंब पडायला पाच-सात मिनिटे लागतात. अवघड प्रश्न टाळायला तेवढा वेळ पुरतो.

हनोईत प्रभागाचे ध्वनिक्षेपक खांबांवर आहेत. सकाळी लसीकरणाची सूचना, कचऱ्याच्या वेळा आणि मधूनच देशभक्तिपर गाणे ऐकू येते. पर्यटकाला ते गमतीचे वाटते. दोन वर्षे रोज ऐकल्यावर मला ते गमतीचे वाटेनासे झाले.

शेजाऱ्यांनी मला प्रेमाने वागवले, आजारपणात पेज आणून दिली, हे मी विसरणार नाही. परंतु ‘हसतमुख लोकांचा देश’ एवढेच लिहून आपण थांबलो, तर तिथल्या लोकांना आपण त्यांच्या सरकारी पर्यटनफलकाइतकेच ओळखले असे होईल.

दुपारची_झोप
कडू_कॉफी, बहुतांश सहमत आहे. एक भर घालतो. राजकारणावर न बोलणारी तीच माणसे घराच्या किमती, मुलांच्या शिकवण्या, रुग्णालयातील रांगा आणि हवेतील धूर यांवर अतिशय परखड बोलतात. २०१७ मध्ये हो चि मिन्ह शहराच्या मध्यवर्ती भागात पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघाली होती. क्रेन लावून पायऱ्या उखडल्या गेल्या. त्या वेळी आमच्या गल्लीत जी चर्चा चाले ती कुठल्याही विधिमंडळात शोभली असती. काही महिन्यांनी स्टुले परत आली.

टिपकागद
स्टुलांनी तेवढा धीर धरला.

तांबडफुटी
मी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, कान थोला राहिले आहे, म्हणून ‘मनात उरलेला देश’ या कल्पनेविषयी एक अडचण मांडते. काई रांगच्या तरंगत्या बाजारात प्रत्येक नावेवर उंच बांबू असतो आणि त्यावर विकायचा माल टांगलेला असतो. अननस, भोपळा, कोबी, जे असेल ते. दुरूनच कळते, कुठली नाव कशाची. ज्या नावेच्या बांबूवर झावळी टांगलेली असते, तिच्यावर माल नसतो. ती नावच विकायची असते. मी प्रथम गेले तेव्हा पहाटेच्या अंधारात नावांची इतकी दाटी असे, की एकीवरून दुसरीवर पाय टाकत पात्र ओलांडता आले असते. रस्ते आणि पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला, आणि आता पर्यटकांच्या नावा विक्रेत्यांच्या नावांहून अधिक दिसतात.

लोकांना याचे फारसे दुःख नाही, हे नोंदवायला हवे. ज्या बाईकडून मी अननस घेत असे, तिच्या मुलांना जमिनीवर घर आणि शाळा मिळाली. दुःख होते ते मला, कारण माझ्या आठवणीतले चित्र बिघडले. समुद्राचे खारे पाणी दर उन्हाळ्यात नदीतून आत शिरते, २०१६ आणि २०२० मध्ये भाताचे फार नुकसान झाले, आणि वरच्या अंगाला बांधलेल्या धरणांमुळे गाळ कमी येतो. तिथले लोक याच गोष्टी बोलतात. आमच्या गप्पांचे विषय जुळत, चिंता जुळत नसत.

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे विलीनीकरण होऊन ३४ प्रांत झाले आहेत. होई आन आणि मी सोन आता दा नांगमध्ये मोडतात, फान रांग खान्ह होआ प्रांतात गेले आहे. जुनी प्रवासवर्णने घेऊन जाणाऱ्यांनी पत्ते तपासून घ्यावेत.

पायवाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कडू_कॉफी यांनी ‘काय बोलले जात नाही’ हे पाहायला सांगितले आणि जुनी_छावणी यांनी भिंतीकडे बोट दाखवले. दोन्ही गोष्टी त्याच एका खोलीत आहेत आणि त्या खोलीपलीकडे, वरच्या मजल्यांवर, मला कुणी कधी बोलावले नाही, हे मी आता विशेष लक्षात घेते. पूर्वजांचा मोठा देव्हारा सहसा वरच असतो. हांग मा रस्त्यावर मिळणाऱ्या कागदी नोटा, कागदी स्कूटर, कागदी फोन श्राद्धाच्या दिवशी दारात पत्र्याच्या डब्यात जाळतात, तेव्हा मी पाहत असे. पण त्या कुणाच्या नावाने जाळल्या जात आहेत, हे मी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे.

तरीही माझ्या मूळ मतापैकी अर्धे मी राखून ठेवते. युद्ध मागे पडले नसेल, परंतु परक्या माणसाला त्याच्या देशाच्या कृत्यांवरून न तोलण्याची तिथली रीत मी प्रत्यक्ष अनुभवली आहे. आमच्या कार्यालयात एक वयस्क अमेरिकी सल्लागार होते. तरुणपणी ते दा नांगच्या विमानतळावर सैनिक होते. त्यांना ज्या आपुलकीने तेत या चांद्र नववर्षाच्या सणाच्या जेवणाला घरोघरी बोलावणे येई, त्याचे स्पष्टीकरण केवळ व्यवहाराने होत नाही, असे मला वाटते.

जुनी_छावणी
ते जेवणाला बोलावणारे घर कुठल्या बाजूचे होते, हे विचारायला हवे होते. दा नांगमध्ये दोन्ही बाजूंची घरे आहेत आणि उत्तर त्यावर बरेच अवलंबून आहे.

पायवाट
घरे दोन होती, आणि मला माहीत आहे तितके सांगायचे, तर दोन्ही बाजूंची होती.

जुनी_छावणी
मग याविषयी सविस्तर स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती करतो. मी वाचायला येईन आणि भांडायलाही.

शाकाहारी_पाहुणा
‘चाय’ची माहिती वहीत लिहून घेतली आहे. फेब्रुवारीत हनोईला पोहोचण्याचा विचार आहे. योग्य काळ आहे ना?

कावेरी
तेत नेमका केव्हा आहे ते आधी पाहावे. तो साधारण जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो आणि त्या दिवसांत दुकाने, भोजनगृहे आठवडाभर बंद असतात, गाड्यांची तिकिटे महिनाभर आधी संपतात. त्यानंतर हनोईत दमट दिवस येतात. फरशीला आणि भिंतींना अक्षरशः पाणी सुटते, धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

टिपकागद
आणि नोटा नीट पाहून द्या. वीस हजार दाँगची नोट निळी आहे आणि पाच लाखांचीही निळसरच आहे. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात आणि दोन्हींवर हो चि मिन्ह सारखेच शांत असतात.

रेल्वेवेडा
वीस हजारांच्या नोटेच्या मागे होई आनचा झाकलेला पूल आहे, तो ओळखून ठेवा. आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे गाडीने जाणार असाल, तर डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या. हाई वान घाटात समुद्र त्या बाजूला असतो.